सुरी थांबते त्याच्या पुढे

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले वॉल्टर डँडी हे हात राखून काम करणारे सर्जन नव्हते. मेंदूतली गाठ काढायची तर मुळासकट, या हट्टापायी 1928 साली त्यांनी एक अचाट शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. उजव्या मेंदूत ग्लायोमाची गाठ पसरलेली, त्यापायी डावं अंग आधीच लुळं पडलेलं, अशा काही रुग्णांचा मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल त्यांनी काढून टाकला. त्यातून जे वाचले त्यांची शुद्ध, बोलणं, समज शाबूत होती. शस्त्रक्रिया म्हणून हे यश थक्क करणारं होतं. आजार मात्र हटला नाही. उरलेल्या अर्ध्या मेंदूत गाठीने पुन्हा डोकं वर काढलं.

असं का होतं, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. हरळी वरून कितीही खुरपली तरी काशा जमिनीत राहतात आणि पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवं होतं. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूच्या गाठींमधला सगळ्यात खुनशी प्रकार. तो याच जातीचा. एमआरआयवर उजळ दिसणारी कडा ही त्याची खरी हद्द नसतेच. एकेकट्या पेशी मज्जातंतूंच्या कडेकडेने, रक्तवाहिन्यांच्या भिंती धरून कितीतरी पुढे गेलेल्या असतात. बहुतेक वेळा गाठ परतते ती शस्त्रक्रियेने झालेल्या खळग्यापासून दोनेक सेंटिमीटरच्या आत. या दोन सेंटिमीटरांत माणसाचं बोलणं, हाताची पकड, पायाचा तोल असं काहीही असू शकतं. म्हणून सुरी तिथे थांबते.

थांबल्यावर पुढे काय, याचं उत्तर अजून तोकडंच आहे. रॉजर स्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेनंतर नुसता रेडिएशनचा उपचार घेणारे रुग्ण सरासरीने (मध्यक धरला तर) 12.1 महिने जगतात आणि जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्या तर 14.6 महिने. अडीच महिन्यांची ही कमाई. आजही जगभर नव्या रुग्णाला आधी हाच उपचार दिला जातो.

नॅनो तंत्रज्ञानाचं काम इथून सुरू होतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. या मापाच्या वस्तू बनवून शरीरात सोडायच्या, ही कल्पना जुनी आहे. 29 डिसेंबर 1959 रोजी कॅलिफोर्नियात दिलेल्या भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या मित्राची, आल्बर्ट हिब्ज यांची, एक गंमतशीर सूचना ऐकवली होती : सर्जनलाच गिळून टाकता आलं तर! सात वर्षांनी हॉलिवूडने ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ काढला. त्यात अख्खी पाणबुडी माणसांसकट आक्रसून रुग्णाच्या रक्तात सोडतात, मेंदूतली गुठळी फोडायला. तेव्हापासून ‘नॅनो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नसांतून पोहणारा इवलासा यंत्रमानव येतो. माणसांच्या मेंदूपर्यंत आजवर प्रत्यक्षात पोचलं आहे ते बरंच साधं : लोखंडाच्या गंजाच्या नात्यातली एक पेस्ट, सोन्याचे कण, प्रथिनाच्या गोळ्यांत बांधलेलं जुनंच औषध आणि कार्बनचा एक पापुद्रा.

पण आधी ऑपरेशन थिएटरमध्ये काय घडतं ते पाहायला हवं. कवटीचा चौकोनी तुकडा काढून बाजूला ठेवलेला असतो, खालचं ड्युराचं आवरण उघडून टाक्यांनी ताणून धरलेलं असतं, वर मायक्रोस्कोप. एका हातात सक्शन, दुसऱ्यात रक्तवाहिन्या जाळून बंद करणारा बायपोलर चिमटा. रक्त झिरपलं की नर्स ओल्या कापसाची पॅटी पुढे करते. गाठीचा मधला भाग करडा, पिलपिलीत, कधी आतून कुजलेला. तो ओळखू येतो आणि झटपट निघतो. खरी कसोटी कडेला. तिथे आजारी मेंदू आणि निरोगी मेंदू डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात, बोटांना सारखेच लागतात. मिलिमीटरभर जास्त गेलं तर रुग्ण उठल्यावर हात हलवत नाही. कमी गेलं तर वर्षाच्या आत तो पुन्हा याच टेबलावर.

या कडेवर उजेड पाडायचं काम आज जे औषध करतं ते नॅनो नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रुग्णाला भूल देण्याच्या काही तास आधी 5-एएलए नावाचं द्रावण प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून एक रंगद्रव्य बनवतात आणि मायक्रोस्कोपला निळा दिवा लावला की त्या गुलाबी-लाल चमकतात. जर्मनीतल्या वॉल्टर श्टुमर यांच्या 2006 सालच्या चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण साध्या दिव्याखाली 36 टक्के होतं, निळ्या दिव्याखाली 65 टक्के. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अलियासगर मोइयादी यांच्या चमूने हे द्रावण वापरलं आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच मेंदूचं त्रिमितीय अल्ट्रासाउंड काढून गाठ किती उरली हे पाहण्याचं त्यांचं कामही प्रसिद्ध आहे. नॅनोकणांना स्पर्धा आहे ती अशा हाताशी असलेल्या, परवडणाऱ्या साधनांशी. याचा विसर उत्साही बातम्यांना फार पटकन पडतो.

तरीही स्टॅनफर्डमध्ये 2012 साली झालेलं काम विलक्षण होतं. संजीव ‘सॅम’ गंभीर आणि मॉरिट्झ कर्शर यांच्या गटाने सोन्याचा गाभा, त्यावर सिलिकाचं कवच आणि वर गॅडोलिनियम असा एकच कण घडवला. शस्त्रक्रियेआधी तो एमआरआयवर दिसतो. कवटी उघडल्यावर लेझर मारला तर आवाजाच्या लहरींतून गाठीची खोली कळते. आणि शेवटी खळग्याच्या कडेला उरलेले सूक्ष्म ठिपके तो रामन पद्धतीने दाखवतो. हा रामन म्हणजे आपल्या सी. व्ही. रामन यांचाच परिणाम. सगळं उंदरांत. कणावरच्या रसायनाने प्रकाश ज्या खास तऱ्हेने विखुरतो, ती तऱ्हा शरीरातल्या दुसऱ्या कशातच सापडत नाही, म्हणून गफलतीला वाव नाही. अंबाल्यात जन्मलेल्या गंभीर यांच्या किशोरवयीन मुलाला पुढे ग्लायोब्लास्टोमाच झाला आणि 2015 मध्ये तो गेला. गंभीर आणि कर्शर दोघेही 2020 साली, एकाच वर्षात, कर्करोगानेच गेले.

ओरेगनमधल्या एडवर्ड न्यूवेल्ट यांनी याहून व्यवहारी वाट धरली. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा अ‍ॅनिमिया घालवायला अमेरिकेत 2009 पासून फेरुमॉक्सिटॉल नावाचं इंजेक्शन मिळतं. ते मुळात लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकणच. एमआरआयसाठी नेहमी टोचलं जाणारं गॅडोलिनियम गळक्या रक्तवाहिन्यांतून लगेच बाहेर झिरपतं. हे कण आकाराने मोठे असल्याने तासन्‌तास रक्तातच राहतात आणि दुसऱ्या दिवशी दाहाच्या जागी जमलेल्या पेशींमध्ये सापडतात. रेडिएशननंतर एमआरआयवर काही उजळलं तर गाठ परतली की नुसती सूज आली, हा न्यूरोसर्जनचा नेहमीचा पेच सोडवायला याची मदत होते. काहींना त्याची जीवघेणी अ‍ॅलर्जी होते, त्यामुळे 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला.

दिसणं ही निम्मी गोष्ट. सुरी न पोचलेल्या पेशींपर्यंत औषध नेणं त्याहून अवघड, कारण मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. पाउल एर्लिश यांनी रक्तात रंग सोडले तेव्हा सगळं शरीर रंगलं, मेंदू कोरा राहिला. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये असाच रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तर मेंदू रंगला आणि शरीर कोरं. शंभर वर्षांनीही हा अडसर तसाच आहे. कण छोटा केला की आपोआप पार होईल, हा समज भाबडा. आणि पार झाल्यावरही पेशींच्या फटींतून त्याला सरकता यायला हवं. जॉन्स हॉपकिन्समध्ये 2012 मध्ये दिसलं, की वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा दाट लेप दिला तर 114 नॅनोमीटरचा कणसुद्धा मेंदूत न अडकता फिरतो. विरळ लेपाचा लहान कण मात्र चिकटून बसतो.

बर्लिनकरांनी हा प्रश्नच टाळला. अडसर पार करण्यापेक्षा कण थेट गाठीत टोचायचे! आंद्रेआस योर्डान यांच्या मॅगफोर्स कंपनीने लोहाच्या ऑक्साइडचे साधारण 12 नॅनोमीटरचे कण पाण्यात कालवून दाट काळपट द्रव बनवला. कवटीला छोटं भोक पाडून तो गाठीत सोडायचा आणि मग रुग्णाला एका मोठ्या यंत्रात झोपवायचं. त्यातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला एक लाख वेळा दिशा बदलतं, कण तापतात, भोवतालची गाठ आतून भाजून निघते. तासातासाची सहा सत्रं, सोबत रेडिएशन. क्लाउस मायर-हाउफ यांनी 2011 मध्ये गाठ परतलेल्या 59 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : गाठ परतल्यापासून मध्यक 13.4 महिने आयुष्य. अशा रुग्णांच्या मानाने हा आकडा चांगलाच. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कणांचं किती, हे ठरवता येत नाही. युरोपात परवानगी त्याआधीच, 2010 साली, मिळालेली होती.

या उपचाराच्या अटी वाचल्या की प्रयोगशाळेतली कल्पना आणि रुग्णाचं शरीर यांच्यातलं अंतर ध्यानात येतं. चुंबकीय क्षेत्रात धातू तापतो. म्हणजे उपचाराच्या जागेपासून 40 सेंटिमीटरच्या आत शरीरात धातू नको. म्हणजेच दातांतली चांदी, कॅप, इम्प्लांट सगळं आधी काढायचं. मेंदूच्या कर्करोगाचा रुग्ण पहिल्यांदा डेंटिस्टच्या खुर्चीत! शिवाय टोचलेलं लोह तिथेच राहतं आणि एमआरआयवर काळा डाग पाडतं, त्यामुळे पुढे गाठ वाढते आहे की नाही हे एमआरआयने पाहण्याची सोयच जाते. म्युन्स्टरमध्ये सहा रुग्णांच्या खळग्याच्या भिंतींना हीच पेस्ट लावली, तर कणांभोवती इतकी सूज आली की चौघांना पुन्हा शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. त्या सुजेत प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी दिसली, म्हणून संशोधकांना त्यात आशेचीही चिन्हं वाटली. 2022 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. शास्त्र चुकलं म्हणून ती बुडाली असं नाही. पण एवढा खटाटोप करायला रुग्णालयं पुरेशा संख्येने पुढे आली नाहीत, हे उघड आहे.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात याच्या अगदी उलट, इवल्या मात्रेची चाचणी झाली. चॅड मर्किन यांनी 13 नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोळीभोवती आरएनएचे तुकडे बाहेरच्या दिशेने दाटीवाटीने बसवले. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीला मरू न देणारं एक जनुक गप्प करणं, हे या आरएनएचं काम. प्रिया कुमठेकर (आडनाव पुणेकरांना ओळखीचं वाटेल) यांच्या नेतृत्वाखाली गाठ परतलेल्या आठ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी हे औषध शिरेतून दिलं आणि काढलेल्या गाठीत सोनं शोधलं. ते सापडलं, गाठीच्या पेशींतही सापडलं. 2021 मध्ये हे जाहीर झालं. कोणी बरं झालं नाही. होणारही नव्हतं, कारण मात्रा तेवढी नव्हतीच. ‘पोचतं का?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळवायला शस्त्रक्रियाच उपयोगी पडली. गाठ नाहीतरी काढायचीच होती.

त्याच विद्यापीठात न्यूरोसर्जन अ‍ॅडम सोनाबेंद यांनी अडसरच तात्पुरता सैल केला. गाठ काढून झाल्यावर कवटीच्या त्या जागी नऊ अल्ट्रासाउंड उत्सर्जकांची जाळी बसवायची. पुढे दर तीन आठवड्यांनी रुग्ण जागा असताना त्वचेतून सुई टोचून ती चालू करायची आणि शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे. लहरींनी बुडबुडे थरथरतात, केशवाहिन्यांच्या फटी उघडतात. काम मोजून चारेक मिनिटांचं. तासाभरात अडसर बराचसा पूर्ववत. तेवढ्या अवधीत पॅक्लिटॅक्सेल द्यायचं. काचेच्या तबकडीत हे औषध ग्लायोमाच्या पेशींना झटक्यात मारतं, पण एरवी मेंदूत शिरत नाही आणि नेहमीच्या द्रावकातून द्यावं तर तो द्रावकच त्रास देतो. म्हणून अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनात बांधलेलं, 130 नॅनोमीटरच्या गोळ्यांचं पॅक्लिटॅक्सेल वापरलं. स्तनांच्या कर्करोगासाठी ते अमेरिकेत 2005 पासून मिळतं. 17 रुग्णांवरचे निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले, मेंदूतलं औषधाचं प्रमाण काही पटींनी वाढलं होतं. गंमत अशी, की याच यंत्राची मोठी चाचणी आखताना जोडीला कार्बोप्लॅटिन घेतलं गेलं, जुनं आणि अजिबात नॅनो नसलेलं.

चेतातंतूंच्या दुरुस्तीची गोष्ट याहून वेगळी आहे. इथे मारायचं काही नसतं, जोडायचं असतं. एमआयटीतल्या शुग्वांग झांग यांना 1990 च्या सुमारास यीस्टच्या एका प्रथिनात असा तुकडा मिळाला, की त्याचे रेणू खारट पाण्यात आपणहून एकमेकांना धरतात आणि नॅनोमापाच्या तंतूंचं जाळं विणतात. रटलेज एलिस-बेन्की यांनी हाँगकाँगच्या सहकाऱ्यांसह हॅमस्टरच्या मेंदूतला दृष्टीचा मार्ग कापला आणि त्या चिरेत अशाच रेणूंचं थेंबभर द्रावण सोडलं. चिरेच्या दोन्ही कडा सांधल्या, तंतू त्यातून वाढले आणि आंधळे झालेले प्राणी पुढे धरलेल्या दाण्याकडे मान वळवू लागले. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. या कामातच आणखी एक गोष्ट लक्षात आली : द्रावण टाकलं की रक्त थांबतं. मेंदू, मणका, यकृत, कुठेही, पंधरा सेकंदांच्या आत. चेतातंतू जोडण्याचं स्वप्न प्राण्यांपुरतंच राहिलं. रक्त थांबवणारं जेल मात्र बाजारात आलं आणि आज एंडोस्कोपी करणारे डॉक्टर पोटातल्या रक्तस्रावावर ते वापरतात.

मणक्याच्या इजेवर नॉर्थवेस्टर्नमधल्याच सॅम्युएल स्टप यांचं काम आहे. (हे स्टप वेगळे, रॉजर स्टपही पुढे त्याच विद्यापीठात आल्याने घोटाळा होतो.) त्यांच्या तंतूंवरचे रेणू स्थिर बसत नाहीत, थरथरत राहतात, त्यामुळे पेशींच्या सतत हलणाऱ्या रिसेप्टरना ते सहज गाठतात. 2021 मधल्या प्रयोगात पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जबर दुखावलेल्या उंदरांना दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन दिलं. चार आठवड्यांत ते चालू लागले. या तंतूंच्या आधीच्या पिढीवर स्टप यांच्याबरोबर काम करणाऱ्या जॉन केसलर यांची मुलगी 2001 मध्ये स्कीइंगच्या अपघातात कमरेखाली लुळी झाली होती. त्यानंतर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेचा रोखच मणक्याकडे वळवला.

याच क्षेत्रात टेक्सास-पेगची कथाही आहे. ग्राफीन या कार्बनच्या पापुद्र्याच्या नॅनोपट्ट्या मिसळलेलं हे द्रावण 2016 मध्ये दक्षिण कोरियात मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या पाच उंदरांवर वापरलं गेलं. प्रयोगशाळेत पाणी शिरलं आणि चार उंदीर बुडून मेले. उरलेला एक दोन आठवड्यांत चांगला चालत होता. कापलेला मज्जारज्जू जोडता येतो याला त्या एका उंदराचा दाखला देत माणसाच्या मस्तकाच्या प्रत्यारोपणाच्या गोष्टी जगभरच्या वर्तमानपत्रांत रंगल्या.

आपल्या रस्त्यांवर रोज घडणारी दुखापत मात्र खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याची. मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण, हात लोंबता. तुटलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत जवळपास दोन वर्षं; तोवर हाताचे स्नायू वाळून जातात. आजही सर्जन पोटरीतली स्पर्शाची नस काढून तिचे तुकडे मधे जोडतात. छोट्या अंतरासाठी कोलॅजनच्या नळ्या आहेत. विजेच्या दाबाने ओढलेल्या नॅनोतंतूंच्या नळ्या, ज्यांतले सगळे तंतू एका दिशेने ठेवलेले असतात, बहुतांशी प्राण्यांच्या प्रयोगांतच आहेत. तशाच कातलेल्या तंतूंचे पॅच ड्युराला ठिगळ लावायला मात्र परदेशांत वापरात आले आहेत. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात सप्टेंबर 2024 मध्ये डेव्हिड कूप यांनी मेंदूतली गाठ काढताना रुग्णाच्या मेंदूवर ग्राफीनचा पापुद्रा ठेवला. माणसात असं पहिल्यांदाच घडत होतं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. 2004 मध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्टांटिन नोवोसेलोव यांनी तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला तोही मँचेस्टरातच. आत्ताच्या प्लॅटिनमच्या चकत्या मेंदूच्या विजेचा ठोकळ अंदाज देतात. ग्राफीनचे संपर्कबिंदू मायक्रोमीटरच्या मापाचे. गाठीची कडा विजेच्या खुणांवरून ओळखायची आणि बोलण्याची जागा वाचवायची, असा हेतू. बार्सिलोनाच्या इनब्रेन कंपनीचं हे उपकरण शस्त्रक्रियेपुरतं ठेवून काढून घेतलं गेलं. चाचणी आठ-दहा जणांची, आणि पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. तो असायलाच हवा. लांब, ताठ कार्बन नॅनोनलिका उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तर अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह होतो, हे एडिनबरोच्या संशोधकांनी 2008 मध्येच दाखवलं होतं.

भारतात केंद्र सरकारने 2007 मध्ये नॅनो मिशन सुरू केलं. कोचीच्या अमृता संस्थेत शांतिकुमार नायर, दीप्ती मेनन यांच्या गटाने टेमोझोलोमाइड भरलेल्या नॅनोतंतूंची वडी बनवली; खळग्यात ठेवली की ती महिनाभर औषध सोडते आणि एमआरआयवर दिसतेही. उंदरांवरचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. ही कल्पना पूर्वी माणसांत वापरून झालेली आहे : हेन्री ब्रेम आणि रॉबर्ट लँगर यांच्या कारमुस्टिनच्या चकत्यांना अमेरिकेत 1996 मध्येच मान्यता मिळाली, पण त्यांतलं औषध मोजक्या दिवसांत सुटून जातं. नॅनो औषधं तपासायची कशी, याची मार्गदर्शक तत्त्वं भारताने ऑक्टोबर 2019 मध्ये काढली. अल्ब्युमिनमधलं पॅक्लिटॅक्सेल भारतीय कंपन्याही बनवतात, मात्र ते मेंदूच्या गाठीसाठी नाही.

त्यामुळे मुंबई-पुण्यात आज ग्लायोब्लास्टोमाचं निदान झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना कोणी ‘नॅनो उपचार’ देऊ केला, तर त्यांनी आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियावरचा नोंदणी क्रमांक मागावा. 2009 पासून देशातल्या प्रत्येक औषधचाचणीला ही नोंद सक्तीची आहे, ती कुणालाही मोफत पाहता येते, आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.